लेफ्ट बॅकनं कोच व्हावं का? दे ला फुएन्तेच्या निमित्तानं

प्रश्न थोडक्यात असा आलाय. वय २९. कोल्हापुरात पेठेच्या फुटबॉल संघातून बारा वर्षं लेफ्ट बॅक, म्हणजे डाव्या कडेचा डिफेंडर. उजव्या गुडघ्याचं लिगामेंट दोनदा गेलं, आता डॉक्टर मैदान नको म्हणतात. मंडळ म्हणतंय, सिनियर संघ तूच सांभाळ. दुसरीकडं एका शाळेनं तेरा वर्षांखालच्या पोरांना शिकवायला बोलावलंय, पण पैसे निम्मे. आणि शेवटची ओळ: "स्पेनचा लुईस दे ला फुएन्ते पण लेफ्ट बॅकच होता. म्हणजे डिफेंडर चांगला कोच होतो असं धरून सिनियर संघ घेऊ का?"

मीही लेफ्ट बॅकच. माझाही गुडघा गेलेला. गेली एकवीस वर्षं कोचिंग करतोय, त्यातली बहुतेक पोरांबरोबर गेली. त्यामुळं उत्तर जरा लांबेल, चहा घेऊन बसा.

आधी एक गोष्ट बाजूला काढतो. डिफेंडर चांगला कोच होतो का, हा तुमचा खरा प्रश्न नाही. त्याला उत्तर असंही देता येईल आणि तसंही, दोन्हीकडं पाच-पाच नावं सापडतील. तुमचा खरा प्रश्न असा आहे: मोठ्यांचा संघ आत्ता हातात येतोय तो घेऊ, की पोरांपासून सुरुवात करू? दे ला फुएन्तेचं, म्हणजे स्पेनला २०२४ चा युरो (युरोपातल्या देशांची स्पर्धा) जिंकून देणाऱ्या कोचचं, नाव तुम्ही काढलंत ते बरं झालं, कारण त्याच्या आयुष्यात नेमकं याच प्रश्नाचं उत्तर आहे. फक्त ते तुम्ही समजताय त्याच्या उलट आहे.

काही गोष्टी मला इथं बसून ठरवता येणार नाहीत. घरी तुमच्या पगारावर किती जण आहेत, दुसरी नोकरी आहे का, मंडळात कोच बदलायची सवय किती जुनी आहे, शाळेचं मैदान खरंच मैदान आहे की पार्किंग. घर निव्वळ याच कमाईवर चालत असेल तर मी खाली जे लिहितोय त्यातलं निम्मं बाजूला ठेवा आणि जिथं पैसे वेळेवर मिळतात तिथं जा. ते नसेल, तर पुढं वाचा.

दे ला फुएन्तेचा जन्म १९६१ चा, आरो या गावचा. स्पेनच्या ला रिओहा भागातलं हे गाव, वाइनसाठी प्रसिद्ध. किशोरवयातच तो अ‍ॅथलेटिक बिल्बाओच्या लेसामा या पोरं घडवणाऱ्या केंद्रात आला. अ‍ॅथलेटिकबद्दल एक गोष्ट माहीत असायला हवी. हा क्लब फक्त बास्क खेळाडू किंवा तिथल्या मातीत तयार झालेले खेळाडूच खेळवतो, बाकी कोणाला विकत आणत नाही. म्हणजे पोरं घडवणं हा त्यांचा छंद नाही, तो नाइलाज आहे. घडवली नाहीत तर रविवारी मैदानात उतरवायला अकरा जण मिळणार नाहीत. पेठेपेठेत पोरं वाढवणाऱ्या कोल्हापूरकराला हे वेगळं समजावून सांगायला नको.

हाविएर क्लेमेन्ते कोच असताना अ‍ॅथलेटिकनं १९८३ आणि १९८४ अशी लागोपाठ दोन वर्षं स्पेनची लीग जिंकली, १९८४ मध्ये तर कपसुद्धा. रांगडा, धसमुसळा संघ. चेंडू आडवा-आडवा फिरवत बसणं त्यांना मंजूर नव्हतं. मागून सुटला की चेंडू विंगला, विंगवरून गोलसमोर. डाव्या विंगला आर्गोते होता, ज्याच्या क्रॉसवर अख्खं बिल्बाओ जगायचं. दे ला फुएन्ते त्याच बाजूचा बॅक. पुढं १९८७ मध्ये तो सेव्हियाला गेला, चार वर्षांनी परत बिल्बाओला आला, शेवटी अलावेसला खेळून थांबला. पहिल्या डिव्हिजनमध्ये तेरा हंगाम, अडीचशेच्या आसपास सामने. स्पेनच्या सिनियर संघाकडून मात्र एकही नाही. वयोगटाच्या संघांतून तो खेळला, पण मोठा लाल शर्ट त्याला खेळाडू म्हणून कधी मिळाला नाही. हे लक्षात ठेवा, पुढं लागेल.

आता लेफ्ट बॅकच्या नजरेविषयी, कारण तिथं तुमच्या प्रश्नात खरोखर दम आहे.

स्टॉपरच्या, म्हणजे बचावात मधोमध उभ्या असलेल्याच्या, चारही बाजूंना खेळ चालू असतो. हाफच्याही, म्हणजे मधल्या फळीतल्याच्याही. फॉरवर्डची पाठ बहुतेक वेळ गोलकडं. पण बॅकच्या एका बाजूला टच लाइन, म्हणजे मैदानाच्या कडेची रेषा, असते. तिकडून कोणी येत नाही. म्हणजे पाठ लाइनीकडं ठेवली की अख्खं मैदान समोर उघडं. आपला स्टॉपर कुठं सरकला, त्यांचा उजवा विंगर आत घुसतोय की लाइन धरून थांबलाय, पलीकडचा राइट बॅक झोपलाय का, सगळं एका नजरेत. आणि कोच कुठं उभा असतो? त्याच लाइनीवर, दोन हात बाहेर. खेळ ज्या कोनातून तुम्ही बारा वर्षं बघितलात, कोच म्हणून तोच कोन मिळतो. फॉरवर्डला कोच झाल्यावर मैदान नव्यानं वाचायला शिकावं लागतं. आपल्याला ते पाठ असतं.

पण पाठ असणं वेगळं आणि दुसऱ्याला शिकवता येणं वेगळं. माझ्याकडं पंधरा वर्षांखालच्या संघात एक लेफ्ट बॅक आहे. पाय सुंदर, पण चेंडू येताना नजर फक्त चेंडूवर. मी सहा महिने ओरडत होतो, "बघ! बघ!" तो बघायचा, चेंडूकडंच. मग एक दिवस मी त्याच्यामागं आठ-दहा पावलांवर जाऊन उभा राहिलो आणि स्टॉपरला त्याला पास द्यायला सांगितलं. नियम एवढाच: चेंडू पायाला लागायच्या आत मागं मान वळवून मी किती बोटं दाखवतोय ते ओरडून सांगायचं. पहिले दहा पास त्याच्या पायाखालून लाइनीबाहेर गेले, बाकीची पोरं हसून लोळली. तिसऱ्या दिवशी तो "तीन!" म्हणून ओरडला आणि त्याच हालचालीत चेंडू पुढं घेऊन गेला. अंग आपोआप अर्धं उघडं झालं होतं, कारण मागं बघायचं तर अंग उघडावंच लागतं. मी स्वतः खेळताना हे दर सामन्यात करायचो, पण ते करतोय हे मला माहीतच नव्हतं. माहीत नसलेली गोष्ट शिकवायला मला कित्येक वर्षं लागली. ही वर्षं पोरांबरोबर घालवता येतात. सिनियर संघ तेवढा वेळ देत नाही.

दे ला फुएन्तेनं ती कुठं घालवली ते बघा. १९९७ मध्ये त्यानं सुरुवात केली ती बिल्बाओजवळच्या पोर्तुगालेते या छोट्या क्लबात. मग व्हितोरियाचा ऑरेरा. मग सेव्हियात मुलांबरोबर, मग अ‍ॅथलेटिकमध्ये मुलांचे संघ आणि राखीव संघ. दोन लीग जिंकलेला माणूस, पण यातलं एकही नाव आपल्याकडं रात्री दोन वाजता टीव्हीपुढं बसणाऱ्यांनीही ऐकलेलं नसेल. २०११ मध्ये अलावेसनं सिनियर संघ दिला. तेव्हा अलावेस स्पेनच्या तिसऱ्या पातळीवर होता. जुलैत आला, ऑक्टोबरात काढला. तीन महिने, अकरा सामने. पन्नाशीचा माणूस, चौदा वर्षांचं कोचिंग गाठीशी, आणि तिसऱ्या डिव्हिजनच्या क्लबनं दिवाळी यायच्या आत नारळ दिलेला. तेव्हा कोणी म्हटलं असतं की हा युरो जिंकून देणार, तर लोकांनी वेड्यात काढलं असतं.

२०१३ मध्ये स्पॅनिश फुटबॉल महासंघानं त्याला वयोगटाच्या संघांसाठी घेतलं. इथून पुढची गोष्ट सगळ्यांना माहीत असते, पण तिचा सांधा नजरेतून निसटतो. तो सांधा म्हणजे नावं.

२०१५ साली ग्रीसमध्ये एकोणीस वर्षांखालचा युरो. स्पेननं फायनलमध्ये रशियाला २–० हरवलं. त्या संघात रॉड्री होता, मिकेल मेरिनो होता, राखीव गोलकीपर उनाय सिमोन होता. २०१९ साली इटलीत एकवीस वर्षांखालचा युरो. पहिलाच सामना इटलीकडून १–३ असा हरले, तिथून सावरून फायनलमध्ये जर्मनीला २–१. गोल फाबियान रुईसचा आणि दानी ओल्मोचा. सिमोन, मेरिनो आणि ओयारझाबालही त्याच संघात. २०२१ साली टोकियो ऑलिंपिक, ब्राझीलकडून जादा वेळेत १–२ अशी हार, रौप्य. स्पेनचा गोल ओयारझाबालचा. संघात कुकुरेया, झुबिमेंदी, पेद्री.

मध्ये एक गंमत झाली ती सांगायलाच हवी. जून २०२१, सिनियर युरो तोंडावर आणि स्पेनच्या कॅम्पात कोरोना. कॅप्टन बुस्केत्स पॉझिटिव्ह. लिथुआनियाविरुद्धचा सराव सामना तर ठरलेला. मग मोठ्यांच्या शर्टात दे ला फुएन्तेची एकवीस वर्षांखालची पोरं उतरवली आणि डगआउटमध्ये तो स्वतः. लेगानेसला ४–० जिंकले. सिनियर स्पेनचा कोच म्हणून हा त्याचा पहिला सामना, आणि तो त्याला मिळाला साथीच्या आजारामुळं. खेळाडू म्हणून जो शर्ट कधी मिळाला नाही, तो साठाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर असा आडवाटेनं हाती आला.

आता याच्या शेजारी दुसरा डिफेंडर ठेवतो. फर्नांदो हिएरो.

तुमच्या वयाच्या लोकांना हिएरो कदाचित यूट्यूबवरूनच माहीत असेल. मालागाजवळच्या वेलेसचा. रिअल माद्रिदसाठी ६०१ सामने आणि १२७ गोल. होय, डिफेंडर असून. हेडर, पेनल्टी, फ्री किक, सगळ्यात पुढं. एका हंगामात, १९९१–९२ ला, त्याला मिडफिल्डमध्ये पुढं ढकललं तर लीगमध्येच २१ गोल ठोकले. पाच लीग, तीन चॅम्पियन्स लीग. स्पेनसाठी ८९ सामने, २९ गोल. नोव्हेंबर १९९३ मध्ये सेव्हियाला डेन्मार्कविरुद्ध वर्ल्ड कपच्या पात्रतेचा सामना होता. गोलकीपर झुबिझारेता दहाव्याच मिनिटाला लाल कार्ड घेऊन बाहेर. दहा जणांत खेळताना कॉर्नरवर हिएरोनं डोकं लावलं आणि स्पेन १–० नं अमेरिकेला गेलं. खेळाडू म्हणून दे ला फुएन्ते त्याच्या आसपाससुद्धा नाही, हे मी लेफ्ट बॅकच्या बाजूचा असूनही मान्य करतो.

हिएरो निवृत्तीनंतर ऑफिसात गेला. महासंघाचा स्पोर्टिंग डायरेक्टर असताना स्पेननं २००८ चा युरो आणि २०१० चा वर्ल्ड कप जिंकला, म्हणजे ते कामही त्याला उत्तम जमत होतं. मग मालागा क्लबात, मग २०१४–१५ ला माद्रिदमध्ये कोच अँचेलोत्तीचा सहायक. मुख्य कोच म्हणून एकच हंगाम: २०१६–१७, दुसऱ्या डिव्हिजनचा ओव्हिएदो, आठवा नंबर. २०१७ च्या शेवटी पुन्हा महासंघात, पुन्हा डायरेक्टर.

आणि १३ जून २०१८. रशियातला वर्ल्ड कप दुसऱ्या दिवशी सुरू होणार. स्पेनचा कोच लोपेतेगीनं रिअल माद्रिदशी करार केल्याचं आदल्या दिवशी जाहीर झालं, म्हणून महासंघाचा अध्यक्ष रुबियालेस यानं त्याला काढून टाकलं. क्रास्नोदारच्या कॅम्पात हाताशी मोठं नाव कोण? हिएरो. दोन दिवसांनी समोर पोर्तुगाल. ३–३, रोनाल्डोची हॅटट्रिक, शेवटचा गोल ८८ व्या मिनिटाला. मग इराणला कसाबसा १–०. मोरोक्कोशी २–२, तेही भरपाईच्या वेळेत आस्पासनं वाचवलं म्हणून. १ जुलैला मॉस्कोत रशिया. १२० मिनिटांत स्पेननं हजारावर पास दिले आणि त्यांच्या नावावर लागला तो गोलही रशियाच्या इग्नाशेविचनं आपल्याच जाळ्यात घातलेला. इनिएस्ता सुरुवातीला बाकावर. १–१, मग पेनल्टी, कोके आणि आस्पासच्या किक अकिन्फेएवनं अडवल्या. आठवडाभरात हिएरोनं काम सोडलं.

मी त्याला दोष देणार नाही. दोन दिवसांत कोणालाही काही बदलता आलं नसतं. पण त्या सामन्याचं रेकॉर्डिंग मी पोरांना दाखवतो ते एका कारणासाठी. आडवा पास, परत आडवा पास, आणि बाजूला उभा असलेला कोच. त्याला काय बदलायचंय ते कदाचित दिसतही असेल. बॅक असो की स्टॉपर, नजर असतेच. पण कोणाला काय सांगितलं की तो काय करेल, हे त्याला कुठून माहीत असणार? त्या खेळाडूंना तो नावानं ओळखत होता, सवयीनं नाही. ही ओळख स्पोर्टिंग डायरेक्टरच्या खुर्चीत होत नाही. स्वतः ८९ सामने खेळूनही होत नाही.

कामाचोचंही असंच थोडंफार. तोही माद्रिदचा लेफ्ट बॅक, स्पेनसाठी ८१ सामने, २००२ च्या वर्ल्ड कपला स्पेनचा कोच, तेव्हा कॅप्टन हिएरोच होता. रिअल माद्रिदचं कोचपद मात्र त्यानं दोनदा अर्ध्यात सोडलं, एकदा तर हंगाम सुरू व्हायच्याही आधी. त्यामुळं "लेफ्ट बॅक म्हणजे चांगला कोच" हे सूत्र तिथंच बारगळतं.

इतकं झाल्यावर बर्लिनकडं, म्हणजे २०२४ च्या युरो फायनलकडं, जाऊ. पण बर्लिनच्या आधी ग्लासगो आहे. डिसेंबर २०२२ मध्ये मोरोक्कोकडून पेनल्टीवर हरून स्पेन वर्ल्ड कपबाहेर गेलं, लुईस एन्रिके गेला, दे ला फुएन्ते आला. दुसऱ्याच अधिकृत सामन्यात, मार्च २०२३ ला, ग्लासगोत स्कॉटलंडनं २–० हरवलं. पेपरांनी सोलून काढलं: हा पोरांचा मास्तर, याला मोठ्यांचं काय कळतंय? तीन महिन्यांनी रॉटरडॅममध्ये क्रोएशियाला पेनल्टीवर हरवून नेशन्स लीग जिंकली, तेव्हा आवाज जरा खाली आला.

आणि मग २०२४ चा युरो. सातपैकी सात सामने जिंकले, १५ गोल. क्रोएशियाविरुद्धच्या पहिल्याच सामन्यात ३–० जिंकताना चेंडू जास्त वेळ क्रोएशियाकडं होता. २००८ च्या युरो फायनलनंतर अधिकृत सामन्यात स्पेनचं असं पहिल्यांदाच झालं. मॉस्कोतले ते हजार पास आठवा. आता चेंडू सुटला की विंगला. उजवीकडं सोळा वर्षांचा लामिन यमाल, डावीकडं अ‍ॅथलेटिकचाच निको विल्यम्स. मला तर त्यात क्लेमेन्तेचं बिल्बाओ दिसत होतं, आर्गोतेच्या मागं धावणारा लेफ्ट बॅक दिसत होता. हा माझा अंदाज, त्यानं असं कुठं म्हटलंय असं नाही.

फायनल १४ जुलैला, समोर इंग्लंड. मध्यंतराला रॉड्री जखमी. ज्याच्याभोवती अख्खा संघ फिरतो तोच बाहेर. कोचच्या तोंडचं पाणी पळावं अशी वेळ. झुबिमेंदी आत आला, ऑलिंपिकपासूनचा ओळखीचा. दोनच मिनिटांत यमालच्या पासवर विल्यम्सचा गोल. ६८ व्या मिनिटाला कॅप्टन मोराताला काढून ओयारझाबाल. ७३ ला इंग्लंडच्या पामरनं बरोबरी केली. ८६ व्या मिनिटाला ओयारझाबालनं डावीकडं कुकुरेयाला चेंडू दिला आणि स्वतः थांबला नाही, सरळ गोलसमोर पळाला. कुकुरेयानं पहिल्याच फटक्यात जमिनीलगत परत आत घातला. ओयारझाबाल घसरत, डिफेंडरच्या बुटाआधी आपला बूट घालत, ऑफसाइडच्या रेषेच्या जेमतेम अलीकडून. २–१. पास देणारा लेफ्ट बॅक होता, एवढं मला नोंदवू द्या.

त्याआधी क्वार्टर फायनलला जर्मनीविरुद्ध ११९ व्या मिनिटाला डोकं लावून सामना जिंकून देणारा कोण? बाकावरून आलेला मेरिनो, २०१५ चा पोरगा. स्टुटगार्टच्या त्याच मैदानावर त्याच्या वडिलांनी १९९१ मध्ये ओसासुनाकडून गोल केला होता, म्हणून मेरिनोनंही कॉर्नरच्या झेंड्याभोवती चक्कर मारली, वडिलांनी मारली होती तशीच.

फायनलच्या संघाकडं पुन्हा बघा. सिमोन, कुकुरेया, रॉड्री, फाबियान, ओल्मो पहिल्यापासून मैदानात. झुबिमेंदी, ओयारझाबाल, मेरिनो बदली म्हणून आत. या आठही जणांना त्यानं ते मोठे व्हायच्या आधी कधी ना कधी शिकवलेलं होतं. रॉड्री पडल्यावर कोणाकडं बघायचं हे त्याला त्या रात्री ठरवावं लागलं नाही.

त्याला देव करायचं कारण नाही. यमालसारखा पोरगा नेमका तुमच्या काळात उगवणं हे नशीब. महासंघाची नोकरी नसती मिळाली तर आज त्याला कोणी विचारलं नसतं. आणि ऑगस्ट २०२३ मध्ये, महिला वर्ल्ड कप जिंकल्यावर एका खेळाडूचं संमतीशिवाय चुंबन घेतल्याच्या प्रकरणात रुबियालेसनं राजीनामा नाकारणारं भाषण केलं, तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांत हाही होता. नंतर माफी मागितली. पोरांना शिकवणाऱ्या माणसानं ते करायला नको होतं असं माझं मत आहे, आणि तो युरो जिंकल्यानं ते बदललेलं नाही.

आपल्या जवळचं एक उदाहरण देतो, कारण स्पेन कुठं आणि आपण कुठं असं तुम्ही म्हणाल. कार्लोस पेन्या. स्पॅनिश डिफेंडर, २०१८ ते २०२० एफसी गोवाकडून खेळला. २०१९ चा सुपर कप आणि इंडियन सुपर लीगची २०१९–२० ची लीग शील्ड जिंकणाऱ्या संघाचा भरवशाचा माणूस. फातोर्ड्याच्या स्टेडियमवर त्याला बघितलेले लोक अजून त्याच्या शांतपणाविषयी बोलतात. दोन वर्षांनी, २०२२ मध्ये, त्याच क्लबनं त्याला मुख्य कोच म्हणून परत आणलं. संघ सातवा आला, सहा संघांची प्लेऑफ एका जागेनं हुकली, हंगामानंतर दुसरा कोच आला. माणूस गुणी, मैदान ओळखीचं, लोकांचा लाडका. तरी खेळाडू ते मुख्य कोच या उडीत मधल्या पायऱ्या कमी पडल्या असं मला वाटतं. तुमच्या मंडळानं तुम्हाला जे देऊ केलंय त्याच्याशी ही गोष्ट ताडून बघा.

माझी गोष्ट तर याहून साधी. एकतिसाव्या वर्षी एका संघाचा सिनियर कोच झालो. कुठला ते सोडा. ज्यांच्याबरोबर कालपर्यंत एका रिक्षातून मैदानावर जायचो, त्यांनाच आज बाकावर बसवायचं. ज्याला बसवला तो संध्याकाळी घरी आला आणि आईपुढं म्हणाला, "काकू, सांगा याला." मध्यंतराला मी जे बोलायचो ते मला बरोबर वाटायचं, पण पोरं मान डोलवून बाहेर जायची आणि तेच करायची. चार महिन्यांत गोड शब्दांत सांगितलं गेलं की पुढच्या हंगामाचं बघू. मग सहा वर्षं तेरा वर्षांखालची पोरं. बोटांचा तो सराव मला त्या सहा वर्षांनंतर सुचला, आधी सुचणं शक्यच नव्हतं.

तेव्हा माझं उत्तर: शाळा घ्या. पण मंडळाला सरळ नाही म्हणू नका, पेठेत राहायचंय तुम्हाला. त्यांना सांगा, या हंगामात मी सहायक म्हणून येतो, मागच्या चार जणांचं काम माझ्याकडं द्या, निवड आणि बदली मुख्य कोचकडं. ज्यांच्याबरोबर खेळलात त्यांना बाकावर बसवायची वेळ पहिल्याच वर्षी तुमच्यावर येऊ देऊ नका. मुख्य कोच कोण असेल ते आधी विचारा. "कोणीच नाही, तूच" असं उत्तर आलं तर तो सहायक नुसता कागदावरचा, मग हात जोडा.

कोचिंगच्या डी लायसन्सचा, म्हणजे सुरुवातीच्या परवान्याचा, कोर्स लागेल तेव्हा नाव घाला, दोन्हीकडं उपयोगी पडेल. त्याच्या वरच्या सी ला घाई नको, मध्ये एक-दोन हंगाम पोरं हाताखालून जाऊ देत, नाहीतर कोर्समध्ये ऐकलेलं कुठं लावायचं तेच कळत नाही. शाळेत पहिल्या दिवसापासून एक वही ठेवा: पोराचं नाव, कुठल्या पायाचा, मागं बघतो का, ओरडल्यावर गप्प होतो की चिडून चांगला खेळतो. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. माझ्या जुन्या वह्यांतली दोन पोरं आज सिनियर खेळतात आणि त्यांच्या कोचला मी फोनवर अजून तेच सांगतो, "त्याला ओरडू नका, मिटून जातो."

आणि पोरांबरोबर पाच-पाचच्या सामन्यात गुडघ्याला टेप गुंडाळून उतरू नका, कितीही हात शिवशिवले तरी. मी उतरलो होतो. माझं तिसरं ऑपरेशन त्याचंच.